पिंपावरचा पाटा

रात्रीचे अकरा. आज मच्छीमार नगरात मावशीकडे जाऊन आले. दारातल्या ठेंगण्या पिंपावर आता झाकण आहे, त्यावर पाटा. तो बघून पोटात कालवलं. गेल्या पावसाळ्यात शेजारचं दीड वर्षाचं पोर ह्यातच डोकं खाली, पाय वर असं सापडलं होतं. समुद्र हाकेवर, आणि पोर बुडालं नळाच्या पाण्यात.

कुणीतरी त्याला उलटं धरून पोट दाबायला लागलं. मायेपोटीच, पण त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत शिरू शकतं. बुडालेल्या लेकराला आधी हवा लागते. मावसभावाने त्याला उताणं निजवलं, हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरून छाती वर येईल एवढेच पाच श्वास दिले. मग छातीच्या मधोमध तळवा, तीस दाब, दोन श्वास. पोर खोकलं, ओकलं, रडलं. ते रडणं अजून कानात आहे.

"रडतंय की, आता दवाखाना कशाला?" एक काकी म्हणाल्या. तरी 108 ला फोन केलाच. पाणी फुप्फुसातला नाजूक थर धुऊन नेतं, श्वास काही तासांनीही बिघडू शकतो. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाला ऑक्सिजन, आईचे डोळे रात्रभर त्या आकड्यावर.

2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची.

आज तेच पोर वलांडीखाली उभं राहून वाळत्या बोंबलांकडे बोट दाखवत होतं.