धांव संपल्यावर

पेन्शन ह्या शब्दाला आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मोठी प्रतिष्ठा आहे. म्हातारपणीं औषधाचें बिल तिच्यावर फिटतें, आणि घरांत आपला शब्द अद्याप चालतो कीं नाहीं ह्याचा पुष्कळसा निर्णयही तीच करते. परंतु पेन्शन म्हणजे दया नव्हे. ज्यानें उमेदीचीं वर्षें दिलीं त्याचें तें येणें आहे. हा न्याय माणसापाशींच थांबतो, कीं पुढेंही जातो, असा प्रश्न मला मँचेस्टरला मुलीकडे राहत असतां तिच्या घरच्या कुत्रीमुळें पडला.

ही कुत्री ग्रेहाउंड जातीची. लातूर-सोलापूर भागांतील कारवानी कुत्रीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना हिची कल्पना सहज येईल. लांब पाय, खोल छाती, अगदीं बारीक कंबर आणि मोठे विचारी डोळे. शर्यतींच्या दप्तरांत तिचें नांव लांबलचक होतें. माझ्या नातवंडांनीं ‘हरणी’ असें सुटसुटीत नांव ठेविलें. तिच्या कानांच्या आंतल्या बाजूस ओळखीचीं अक्षरें गोंदलेलीं आहेत. वय साडेचार वर्षांचें, आणि ती सेवानिवृत्त! एवढ्या लहान वयाची पेन्शनर पाहून मला प्रथम हंसूं आलें. पण तिच्या जातभाईंची हकीकत ऐकतां ऐकतां तें मावळलें.

शिकारी कुत्र्यांची धांव पाहण्याची हौस जुनी आहे. पण तिचा धंदा झाला तो विसाव्या शतकांत. अमेरिकेंत ओवेन स्मिथ नांवाच्या गृहस्थानें यंत्रावर पळणारा खोटा ससा सिद्ध केला व १९१९ सालीं कॅलिफोर्नियांतील एमरीव्हिल येथें त्याच्या मागें कुत्रीं सोडलीं. इंग्लंडांत ह्या प्रकारची पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजीं मँचेस्टरच्याच बेल व्ह्यू मैदानावर झाली. घोड्यांच्या शर्यती श्रीमंतांच्या. ह्या मात्र कामगाराला संध्याकाळीं कारखान्यांतून सुटल्यावर चालत जाऊन पाहतां येत. अंगावर निरनिराळ्या रंगांचीं जाकिटें घातलेलीं सहा कुत्रीं अर्ध्या-पाऊण मिनिटांत वर्तुळ पुरें करीत आणि तेवढ्यांत पैसे एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जात. १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें डर्बी जिंकणारा ‘मिक द मिलर’ एवढा लोकप्रिय झाला कीं, मरणानंतर त्याचें शरीर पेंढा भरून जतन करण्यांत आलें व तें ट्रिंगच्या संग्रहालयांत ठेवलेलें आहे.

पण प्रत्येक कुत्र्याच्या वांट्याला संग्रहालय येत नाहीं. ग्रेहाउंडाचें आयुष्य सामान्यतः दहा ते चौदा वर्षांचें. दीड वर्षाच्या सुमारास तें धांवूं लागतें आणि तीन ते पांच वर्षांच्या दरम्यान त्याची धांव संपते. पाय मोडला तर त्याहून आधीं. म्हणजे दोन-तीन वर्षें कमाई आणि पुढें सात-आठ वर्षें नुसतें खाणें! हिशेबी धनी ह्या वजाबाकीचें उत्तर कसें काढीत असेल हें २००६ सालीं जगाला कळलें. इंग्लंडच्या ईशान्येस सीहॅम नांवाचें गांव आहे. तेथें एक गृहस्थ निरुपयोगी ठरलेलीं कुत्रीं जनावरामागें दहा पौंड घेऊन मारीत असे व आपल्याच जमिनींत पुरीत असे, ही बातमी ‘संडे टाइम्स’नें प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांत सुमारें दहा हजार कुत्रीं अशीं गेलीं असावींत असा अंदाज त्यांत होता. पुढें त्याला शिक्षा झाली ती काय? परवान्यावांचून जमिनींत कचरा पुरल्याबद्दल दंड. मारण्याबद्दल नव्हे, पुरण्याबद्दल. कायद्याच्या लेखीं तो कचराच होता.

त्या बातमीनें लोकमत खवळलें हें मात्र खरें. २०१० सालीं इंग्लंडांत शर्यतीच्या कुत्र्यांसाठीं नवे नियम आले. मैदानावर पशुवैद्य हवा, प्रत्येक कुत्र्याची कायमची ओळख व नोंद हवी, असें ठरलें. २०२० पासून दर कुत्र्यामागें चारशें पौंडांची ठेव बाजूला काढण्याची पद्धत सुरू झाली. कुत्रें निवृत्त होऊन सुखरूप घरीं पोंचविण्याकडे ती खर्च व्हावयाची. ह्याच्या किती तरी आधीं, १९७०च्या दशकापासून, निवृत्त ग्रेहाउंडांना घरें मिळवून देणाऱ्या संस्था तेथें काम करीत आल्या आहेत. हरणी अशाच एका संस्थेंतून आली.

घरीं येणें म्हणजे काय, हें आपल्याला सांगावें लागत नाहीं. त्यांना मात्र शिकावें लागतें. जन्मापासून खुराड्यांत राहिलेल्या ह्या कुत्रीनें जिना कधीं पाहिला नव्हता. पहिला आठवडाभर माझा नातू तिचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवी. काचेचें दार म्हणजे मोकळी हवा अशी तिची समजूत होती. तासाला साठ-पासष्ट किलोमीटर वेगानें धांवूं शकणारा हा प्राणी घरांत मोठा आळशी असतो. सकाळ-संध्याकाळ थोडें फिरलें कीं उरलेला दिवस झोंप. अंगावर चरबी नाहीं, कातडी पातळ. म्हणून थंडींत त्याला झूल हवी व निजावयास मऊ अंथरूण हवें. झोंपेंत एकदम हात लावूं नये, आधीं हांक मारावी. कारण झोंपेंत त्याला कोणी शिवण्याची संवय नसते. मोकळ्या मैदानांत दोरी सोडूं नये. पळणारें मांजर दिसलें कीं शिकवण बाजूला राहते आणि जात जागी होते. भूल देण्याच्या कांहीं औषधांचा अंमलही त्याच्यावर अधिक काळ राहतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीं ह्या जातीची माहिती असलेला वैद्य पाहावा.

आमच्या सौभाग्यवतींना काळजी होती ती निराळीच. “अगं, ही देवघरांत शिरली तर?” असें त्यांनीं पहिल्याच दिवशीं विचारलें. “आई, ती हांक मारल्यावांचून कुठल्याच खोलींत येत नाहीं,” मुलगी म्हणाली. आणि खरेंच, स्वयंपाकघराचें दार सताड उघडें असलें तरी हरणी उंबऱ्याबाहेर उभी राही. चार दिवस हें पाहिल्यावर सौभाग्यवतींनींच उंबऱ्याशीं एक जुनी सतरंजी दुमडून टाकली.

घरांत खरा वाद होता तो जांवईबापूंचा व मुलीचा. जांवईबापू म्हणत, “आपण एक कुत्रें घरीं आणलें कीं तिकडे एक जागा रिकामी होते आणि आयर्लंडहून नवें पिल्लूं येतें. आपली दया त्यांच्या धंद्याला सोयीची पडते.” मुलगी म्हणे, “असेल. पण धंदा बंद होईपर्यंत हिनें कुठें थांबावयाचें?” दोघांचेंही म्हणणें मला सोडवत नव्हतें. सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या माहेरचा ढवळ्या म्हातारा झाला तेव्हां आजोबांनीं त्याला बाजार दाखविला नाहीं. दावणीलाच गेला तो. पुण्य केलें असें कुणीं म्हटलें नाहीं. विकला असता तर मात्र गांवानें तोंडांत शेण घातलें असतें.”

दया आणि लोकलज्जा ह्यांतील हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. जेथें लोकलज्जा जागी झाली तेथें धंदा हटत गेला. फ्लॉरिडाच्या मतदारांनीं २०१८ सालीं कौल दिला व २०२० अखेर तेथील शर्यती थांबल्या. मकावचें मैदान २०१८ सालीं बंद झालें, तेव्हां मागें राहिलेल्या पांचशेंहून अधिक कुत्र्यांना देशोदेशीं घरें शोधावीं लागलीं. खुद्द बेल व्ह्यूवरील शर्यती २०२० सालीं संपल्या. शर्यती बंद करण्याचा निर्णय न्यूझीलंडनें २०२४ च्या डिसेंबरांत व वेल्सनें २०२५ च्या फेब्रुवारींत जाहीर केला. जांवईबापूंना ह्यांत आपला पक्ष दिसतो; परंतु मैदानाला कुलूप लागतें त्या दिवशींच सर्वांत जास्त घरांची गरज पडते, म्हणजे मुलीचाही पक्ष सुटत नाहीं.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून द्यावा असें वाटेल. पण आपल्याकडे मुंबईंत कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ सालीं दंगा झाला, आणि दोन वर्षांनीं जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनीं तेथें पांजरपोळ उभारला. निरुपयोगी जनावराला अन्न घालावें ही कल्पना आपल्याला नवी नाहीं. तथापि पांजरपोळाचा खर्च दानशूर सोशी. ज्यानें कमाई खाल्ली तो नामानिराळा राही. आज महाराष्ट्रांत बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा चालू आहेत. २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यासंबंधींचा राज्याचा कायदा मान्य केला. घाटांत गुलाल उधळला जातो तेव्हां बक्षिसाची रक्कम मोठ्यानें पुकारतात. त्याच वेळीं, ह्या खिलाऱ्याचा पाय अधू झाल्यावर त्याची वैरण कोणाच्या खात्यांतून येणार, हेंही कोणी तरी विचारावें. त्याचें उत्तर बैल घाटांत उतरण्यापूर्वींच लिहून घेतलेलें असावें.