दोष बॅटरीचा नव्हता

स्मरणिकेसाठी लेखाचा आग्रह झाला, तेव्हा शाळेचे ऋण शब्दांत मांडावे असे प्रथम वाटले. परंतु आम्ही दोघे वर्गमित्र येथे एका चुकीची कबुली देत आहोत. कारण शाळेतच शिकलेला धडा विसरल्यामुळे ती घडली.

पावसाळ्याचे दिवस होते. कसाऱ्याजवळच्या पाड्यावर राहणारे एक पालक पहाटेच्या लोकलने कल्याणकडे कामाला जात. पाड्यापासून स्टेशनापर्यंत त्यांना मोटारसायकलचाच आधार. गाडीला किक नव्हती आणि सेल्फ दाबला की नुसता ‘टक्’ आवाज येई. म्हणून रात्री ते गाडी उतारावर उभी करीत आणि पहाटे गिअर टाकून ती ढकलत सुरू करीत. चिखलात हेही जमेना. दोनदा लोकल चुकली, दोन दिवसांची मजुरी बुडाली.

आम्ही आय.टी.आय. झालेलो, म्हणून त्यांनी आम्हांला बोलावले. आम्ही सेल्फ दाबून पाहिला, आवाज ऐकला आणि क्षणात निकाल दिला, “काका, बॅटरी गेली. नवी टाका.”

आठवीत शिकणारा त्यांचा मुलगा टॉर्च धरून उभा होता. त्याने विचारले, “दादा, बॅटरी गेली असती तर हेडलाइट एवढा उजळ कसा लागला असता?”

“तुला काय कळतंय त्यातलं?” आम्ही म्हणालो.

काकांनी उसनवारी करून नवी बॅटरी आणली. दुसऱ्या पहाटे पुन्हा तोच ‘टक्’.

त्या संध्याकाळी आम्ही मल्टीमीटर घेऊन गेलो. वास्तविक तो पहिल्याच दिवशी न्यायला हवा होता. नव्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले. परंतु स्वस्थ बॅटरीचा आकडा पुरेसा नसतो. भार पडल्यावर तो किती खाली येतो, हे पाहावे लागते. कमजोर बॅटरी सेल्फ दाबताच दहा व्होल्टच्याही खाली घसरते. येथे आकडा जेमतेम हलला. याचा अर्थ, बॅटरी सक्षम होती, पण विजेचा जोराचा प्रवाह मोटारपर्यंत पोहोचतच नव्हता. रिले ‘टक्’ करीत होता. पुढे किंवा परतीच्या वाटेवर काहीतरी अडले होते.

मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून मुलाला सेल्फ दाबायला सांगितले. तेथे अर्ध्या व्होल्टहूनही कमी दिसायला हवे होते. दिसले नऊच्या वर. बॅटरीचा बहुतेक जोर अर्थिंगच्या जाड वायरीतच संपत होता.

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. मग इंजिनला बोल्टने कसलेले त्या वायरीचे टोक उघडले. आत हिरवट-पांढरा गंज साचला होता. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, बोल्ट घट्ट केला आणि वर ग्रीस लावले. सेल्फ दाबताच इंजिन सुरू झाले. चालू इंजिनावर बॅटरी 14 व्होल्ट दाखवीत होती. म्हणजे चार्जिंगही ठीक होते. एकूण खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा.

मुलाचा प्रश्न योग्य होता. हेडलाइटला थोडी वीज लागते आणि सेल्फला कितीतरी पट अधिक. म्हणून उजळ दिवा हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा नव्हे. पण तपासून पाहण्यास ते पुरेसे कारण होते. आम्ही तपासले नाही; त्या मुलालाच गप्प केले.

मोठ्यांनी सांगितले, जाणत्याने सांगितले एवढ्यावरून काही खरे मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, हा कालामांना दिलेला भगवान बुद्धांचा उपदेश आम्ही याच शाळेच्या सभागृहात मांडी घालून ऐकला होता. त्या दिवशी पाड्यावर जाणते म्हणून आम्ही उभे होतो आणि उपदेश आचरीत होता तो आठवीतला मुलगा.

बॅटरीचे पैसे आम्ही पुढे केले. काकांनी ते घेतले नाहीत. “बॅटरी वाया गेली नाही, गाडीतच आहे,” ते म्हणाले. “पोराला मात्र एकदा सांगा, की त्याचं बरोबर होतं.”

आम्ही त्याच्याजवळ गेलो आणि तसे सांगितले. त्याने मान हलवली, आणि लगेच विचारले, “दादा, मग वायरीत गंज कशानं चढतो?”

या वेळी आम्ही खाली बसलो.