वीरगळावरचा समुद्र

समुद्रावरील युद्ध कलेत कसे उतरते, हे पाहू लागल्यावर मला दोन कलाकृती शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एक जपानची, कागदावरची. दुसरी आपली, दगडातली.

१८९४ साली पीत समुद्रात जपान आणि चीन यांच्या आरमारांची लढाई झाली. तिच्यावरील कोबायाशी कियोचिका या चित्रकाराच्या काष्ठमुद्राचित्रात वर तोफा धडाडतात, आणि खाली, पाण्याच्या पोटात, शत्रूचे जहाज तळाला जाताना दिसते. विजय आणि मृत्यू यांच्यामध्ये पाण्याची एकच रेघ आहे.

आपल्याकडे बोरिवलीजवळच्या एकसर येथे आरमारी लढाईचे वीरगळ आहेत. देवगिरीचा महादेव यादव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील, १२६५च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. या संघर्षात सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीच्या ग्रंथातील प्रशस्तीवरून समजते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी उंच नाळेची गलबते, डोलकाठ्या, वल्ह्यांची ओळ, सज्ज धनुर्धारी. एका दगडावर तर जखमी माणसे समुद्रात कोसळताना कोरली आहेत. त्याच्या वर अप्सरा, शिवलिंगाची पूजा, कैलास, शिखरावर कलश. वीर एकेक चौकट चढत स्वर्गाला पोहोचतो. वल्ही मारणारे मात्र तळाच्याच चौकटीत राहतात.

मी मनमाडचा. वागदर्डीचे पाणी नळाला कधी येणार, ही आमच्या घरातली नित्याची चौकशी. समुद्र हा आमच्या कल्पनेचाच विषय होता. थोरला मुलगा नौदलात गेला आणि ती कल्पना काळजी होऊन घरात आली. तेव्हापासून वीरगळ पाहताना माझी नजर कलशापर्यंत सहज चढत नाही. वल्ह्यांच्या त्या ओळीतला प्रत्येक जण कोणाच्या तरी घरचा होता, एवढेच मनात येते.

म्हणून त्या अनाम पाथरवटाविषयी मला आदर वाटतो. त्याला स्मारक वीराचे करायचे होते. तरीही पडणाऱ्या माणसांना त्याने वगळले नाही. कठीण दगडात त्यांच्यासाठी जागा राखली. गौरव करताना किंमत न लपवणे, हे मला या शिल्पाचे मोठेपण वाटते. कियोचिकाच्या पाण्याखालच्या जहाजाशी त्याचे नाते जुळते ते इथेच.