सूतभराचे अंतर

शिरूरच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘सूत’ हे माप रोजचेच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’साठी गाडी सिद्ध करणाऱ्या पुतण्याने मोठ्या पिस्टनचे कॅलिपर बसविले आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा प्रश्न उभा राहिला. व्यास पाच सूत घ्यावा की सहा?

“काका, लहान घेतला तर पायाला जोर कमी लागेल,” तो म्हणाला.

आम्ही वहीवर हिशोब मांडला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते; येथे प्रमाण २५ आणि ३६. म्हणजे तेवढ्याच जोरात लहान सिलिंडर ४४ टक्के अधिक दाब देतो. पण तेवढेच तेल ढकलण्यास पेडलही ४४ टक्के अधिक खाली न्यावे लागते. मोठ्या कॅलिपरला तर तेल आधीच जास्त हवे. वळणावर पेडल तळाला टेकले, तर पुढे दाब वाढतच नाही. म्हणून सहा सूत ठरला. पायावर पडणारा जादा भार कॅलिपरचे मोठे पिस्टन बऱ्याच अंशी हलका करतात.

जमेची बाजू पाहताना नावेची बाजू झाकू नये, ही आपल्या पेढ्यांची जुनी शिकवण. यंत्रही तीच वही पाळते. मात्र तेथे तूट आली, तर ती जिवावर बेतते.