फाट्याच्या पुढची गाडी

मुंबईहून कोकणात गावी जाणाऱ्या माणसाच्या प्रवासाचे दोन भाग असतात. पहिला मुंबईपासून महामार्गावरच्या फाट्यापर्यंत आणि दुसरा फाट्यापासून गावापर्यंत. पहिल्या भागासाठी गाड्यांची कमी नाही. संध्याकाळी बोरिवलीच्या हमरस्त्यावर उभे राहा, खासगी गाड्यांची पोरे हाक मारून बोलावतात. पडदे, गुबगुबीत खुर्ची, मोबाइल चार्ज करायची सोय, सगळे असते. हंगाम नसेल तर भाडेही परवडते. ती गाडी चिपळूण, रत्नागिरीकडे सरळ निघून जाते. मंडणगड तालुक्यातल्या आमच्यासारख्यांना ती लोणेऱ्याच्या फाट्यावर रात्री दोन-अडीचला उतरवते. पुढे तीस-चाळीस किलोमीटरचा काळोख, हातात सामान आणि बंद चहाची टपरी. एकट्या बाईने ती रात्र कशी काढायची याचे उत्तर त्या भाड्यात नसते.

म्हणून मी जोगेश्वरीला राहत असूनही उलटी बोरिवलीला जाते आणि नॅन्सी कॉलनीच्या डेपोतून एसटी पकडते. गाडी जिथून सुटते तिथेच बसले तर खिडकी मिळते. या गाडीत पडदे नाहीत, उशी नाही, पाण्याची बाटली नाही. खिडकीची काच एकदा वर गेली की खाली येताना रुसते. पण ती लोणेऱ्याला वळते. गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ अशी गावे घेत, प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी दारात सोडत जाते. एसटी स्वस्त आहे असे लोक म्हणतात, तेव्हा मला वाटते, यांनी फक्त तिकीट पाहिले. फाट्याच्या पुढचा रस्ता त्यांनी मोजलाच नाही.

1 जून 1948 रोजी पहिली एसटी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. तेव्हापासून ‘गाव तिथे एसटी’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ जाणवेनासा झाला आहे. मला तो जाणवला तो शाळेमुळे.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीपर्यंत होती. पुढे शिकायचे तर तालुक्याच्या गावी जायचे. मुलग्यांना सायकली मिळाल्या. मुलींची शाळा सातवीलाच संपायची, यात कुणाला काही वावगे वाटत नसे. माझ्या वेळी अम्माने अब्बांना एवढेच सांगितले की सकाळची एसटी मशिदीसमोरून निघते आणि शाळेजवळ थांबते, मध्ये पोरीला एक पाऊलही चालायचे नाही. शिवाय पाससाठी पैसे पडत नाहीत. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. माझ्या वेळी तो दहावीपर्यंत होता, आता बारावीपर्यंत आहे. अब्बांकडे नाही म्हणायला दोनच कारणे होती, खर्च आणि वाट. एसटीने दोन्ही काढून घेतली. आमच्या गावातून त्या वर्षी आम्ही चौघी आठवीत गेलो.

मराठीशी माझी खरी ओळखही त्याच गाडीत झाली. घरात आम्ही कोकणी बोलत होतो, शाळेत उर्दू शिकत होतो. मराठीचा तास होता, पण पुस्तकातली मराठी तासाबरोबर मिटून जायची. एसटीतली मराठी मात्र रोज डोळ्यांसमोर असायची. ‘धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे.’ ‘विनातिकीट प्रवास करणे गुन्हा आहे.’ ‘महिलांसाठी राखीव.’ उर्दू उजवीकडून वाचायची सवय असल्यामुळे माझी एक मैत्रीण गाडीची पाटी ‘डगणडमं’ अशी वाचायची आणि आम्ही हसून लोटपोट व्हायचो. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ हे वाक्य वाचायला मला आठवडा लागला. संकटकाळ म्हणजे मुसीबतचा वक्त, हे कंडक्टरने सांगितले. तो तिकिटांच्या पेटीवर चिमटा टकटक वाजवत यायचा, आमचे पास बघायचा आणि एखादीला वरची पाटी वाचायला लावायचा. चुकले तर दुरुस्त करायचा. त्याला कुणी तसे सांगितले नव्हते. आज मी अंधेरीच्या उर्दू शाळेत मराठी शिकवते, तेव्हा मुलांना सुट्टीवरून येताना एसटीत वाचलेली पाच वाक्ये लिहून आणायला सांगते. जोडाक्षरे शिकवायला याहून स्वस्त पुस्तक मला सापडलेले नाही.

साध्या गाडीची आणखी एक गोष्ट मला या शहरात राहायला आल्यावर कळली. उपनगरात भाड्याने खोली शोधताना दलालाचा पहिला प्रश्न नावाचा असतो. नाव सांगितले की खोली कालच गेलेली असते. एसटीत जागेवर तिकीट काढणाऱ्याला नाव विचारत नाहीत. कंडक्टर एकच विचारतो, ‘कुठे जायचं?’ उत्तर मिळाले की तिकीट मिळते. रमजान ईदला मुंबईहून येणारी आमची माणसे आणि गणपतीला येणारे शेजारी त्याच गाडीत, त्याच गर्दीत उभे असतात. शीरखुर्म्याचा सुका मेवा आणि मखराचे सामान एकाच फळीवर ठेवलेले मी पाहिले आहे. कुणी कुणावर उपकार करत नव्हते. जागा कमी होती, म्हणून सगळे सरकून बसत होते.

नाव न विचारण्याची किंमतही आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. 1928 साली बांधलेला. त्याच्यासोबत दोन एसटी गेल्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. ही सावित्री पुढे आंबेतला खाडी होऊन आम्हाला भेटते. राजापूरची ती गाडी माझी नव्हती, पण ती पोहोचणार होती बोरिवलीलाच. वाटेत हात करून चढलेल्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर नसते. घरचे जेव्हा सांगतात की आमचा माणूस निघाला होता, तेव्हाच तो गाडीत होता हे कळते. तेव्हापासून मी गाडीत बसले की अम्माला फोन करून गाडीचा नंबर सांगते. सफरची दुआ ती तिकडे पढते. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला. गरिबाच्या गाडीत गादी नसली तरी चालते, पण तिच्याखालचा पूल भक्कमच हवा, ही साधी गोष्ट आपल्याला इतकी माणसे गमावून कळावी याचे वाईट वाटते.

गाडी नसते तेव्हा काय होते, हेही मी पाहिले. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. पगार अपुरा आणि तोही वेळेवर नाही, ही तक्रार जुनीच होती. मी स्वतः पगारावर जगणारी बाई आहे, त्यांचे दुःख मला कळत होते. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितले, तेव्हा कुठे गाड्या पुन्हा नीट धावू लागल्या. मधल्या जवळजवळ सहा महिन्यांत मुंबईकरांनी रेल्वे धरली, खासगी गाड्या धरल्या. फाट्याच्या पुढच्यांनी काय धरावे?

माझी भाची तेव्हा नववीत होती. करोनामुळे बंद झालेली शाळा नुकतीच उघडली होती. सहा आसनी रिक्षा गच्च भरून जायची आणि रोजचे पैसे पडायचे. भावाने महिनाभर दिले. मग म्हणाला, “गाडी सुरू झाली की जाईल.” मी इथून फोनवर भांडले, पैसे पाठवले, ती जात राहिली. तिच्याबरोबरच्या दोघी मात्र थांबल्या. एप्रिलमध्ये गाडी आली, पास पुन्हा निघाले, पण त्या दोघी चढल्या नाहीत. एकीचे लग्न ठरले होते. दुसरीला तिची अम्मा म्हणाली, सहा महिने गेली नाही तर काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर माझ्या बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात नव्हते.

17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच, 2022 च्या ऑगस्टपासून, प्रवास मोफत झाला होता. अम्मा गमतीने म्हणते, “म्हातारपणी परत हाफ तिकीट झाले.” पूर्वी ती डोळे दाखवायला मुंबईला यायची तेव्हा भाऊ सोबत हवा, म्हणजे दोन तिकिटे आणि त्याचा बुडालेला रोज. आता ती आणि शेजारची चाची, दोघी एका तिकिटाच्या पैशात येतात. 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तरी अर्ध्याचा आधार राहिला. अम्मा आता माझ्याकडे कुणाच्या सोयीने येत नाही, स्वतःच्या मनाने येते. चार दिवस राहते, पाचव्या दिवशी तिला कोंबड्या आठवतात.

सवलतींमुळे एसटी बुडते, असे आमच्या शिक्षकांच्या खोलीतही कुणी कुणी बोलते. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर द्यावी, गाड्या नव्या घ्याव्यात, चालक-वाहकांना नीट पगार द्यावा, हे मागायला हवेच. पण तोट्यातली फेरी म्हणून आतल्या गावाची गाडी बंद करण्याची भाषा निघते, तेव्हा हिशेब अर्धाच मांडलेला असतो. खासगी गाड्यांचे भाडे एसटीच्या दीडपटीहून जास्त नसावे, असे सरकारने 2018 साली ठरवले. म्हणजे त्या भाड्याचे मापही शेवटी एसटीच आहे. मापच काढून टाकले तर महाग कशाला म्हणायचे?

आमच्या गावाहून सकाळी साडेसहाला गाडी सुटते. तिच्यात तिकीट काढणारे पाच-सहाच असतात. बाकीच्या जागांवर दप्तरे मांडीवर घेऊन पासवाल्या मुली बसतात. मशीनवर त्यांचा पैसा दिसत नाही. या वर्षी त्या नऊ जणी आहेत.