तीन लाख किलोमीटर चाललेली गाडी

आमची सिएना मिनीव्हॅन ३,५०० पौंड ओढते, म्हणजे जेमतेम सोळाशे किलो. आणि मनात भरलेला कॅम्पिंग ट्रेलर सामानासकट पाच हजार पौंडांच्या आसपास जाणारा. म्हणजे मोठी गाडी घेणं आलं. आम्ही राहतो शिकागोजवळ नेपरविलला. ज्यांना असलं काही ओढायचं असतं ते इथे सरळ पिकअप घेतात. पण आमची दोन मुलं, आणि उन्हाळ्यात साताऱ्याहून येणारे आई-बाबा, एवढ्यांना बसायला जागा हवी होती. नवी टोयोटा सिक्वोया साठ हजार डॉलरच्या घरात जाते. उन्हाळ्यातल्या काही शनिवार-रविवारांसाठी एवढे पैसे घालणं मला पटेना. तेव्हा जुनी, भरपूर चाललेली, पण मोठ्या इंजिनाची एसयूव्ही शोधायची, असं ठरलं.

बाबांना फोनवर सांगितलं. पहिला प्रश्न अपेक्षित होता : "रनिंग किती?" मी म्हटलं, दीड-दोन लाख, आणि तेही मैल. बाबांनी फोन आईकडे दिला.

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे जुनी गाडी घेताना सगळा भाव त्या एका आकड्यावर ठरतो. पण ओढण्यासाठी गाडी घ्यायची तर मीटर ही तिसरी-चौथी गोष्ट, हे मला आमच्या जुन्या मेकॅनिकने पटवलं. तो पोलंडहून आलेला, साठीतला माणूस. म्हणाला, "इंजिन मी दुरुस्त करू शकतो, गिअरबॉक्स बदलू शकतो. चेसिस गेलेली असेल तर माझ्याकडे आणूच नका."

इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारट पाणी गाडीखाली उडतं, चेसिसच्या पोकळ पट्ट्यांत शिरतं आणि आतून लोखंड खातं. वरून गाडी चकाचक, आत चाळण. टोयोटालाही यातून सुटका मिळाली नाही. टॅकोमा, टंड्रा आणि सिक्वोयाच्या काही वर्षांच्या मॉडेल्सवर चेसिसच्या गंजावरून अमेरिकेत खटला झाला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. ट्रेलरचा सगळा ओढा तो जोडायच्या हिचमधून त्याच चेसिसवर येतो, त्यामुळे हा दोष मला चालण्यासारखा नव्हता.

एका डीलरकडे गाडी बघायला गेले. खाली वाकून टॉर्च मारला तर सगळं काळंभोर, नुकतंच रंगवल्यासारखं. विक्रेता कौतुकाने म्हणाला, "अंडरकोटिंग करून दिलंय." मागच्या चाकाच्या पुढे, जिथे चेसिस वर वळते, तिथे मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं. काळ्या थराची खपली निघाली, मागोमाग तपकिरी पापुद्रे, आणि टोक आत गेलं. हातोडीच्या दांड्याने पुढे ठोकलं तर टणटण आवाज, त्या जागी मात्र भद्द. विक्रेता म्हणाला, या भागातल्या सगळ्याच गाड्या अशा असतात. ते खरंच होतं. म्हणूनच मग मी या भागातल्या गाड्या बघणं सोडलं.

त्याआधी एक लेक्सस जीएक्स ४७० जवळजवळ घेतलीच होती. आतून देखणी, टेस्ट ड्राइव्हला मऊसूत. पण मी बरोबर नेलेला वीस-पंचवीस डॉलरचा स्कॅनर लावला, तर एकही फॉल्ट कोड नाही आणि संगणकाच्या बहुतेक स्व-चाचण्या "अपूर्ण". कोड पुसले किंवा बॅटरी काढली की असं होतं, आणि चाचण्या पुऱ्या व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. मालकाला विचारलं, तर म्हणे बॅटरी कालच बदलली. बॅटरीवरचं लेबल तीन वर्षांपूर्वीचं होतं. मी नमस्कार करून निघाले.

अखेर गाडी मिळाली टेनेसीत, नॅशव्हिलजवळ. तिकडे बर्फ कमी, मीठही कमी. २०१० सालची सिक्वोया, ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन, मीटरवर १,८७,००० मैल. किलोमीटरमध्ये तीन लाख. या इंजिनाला टायमिंग चेन आहे. आधीच्या ४.७ लिटरच्या इंजिनाला बेल्ट असतो आणि तो ९०,००० मैलांवर बदलावा लागतो, तो खर्च इथे नव्हता. निवृत्त मालक मासेमारीची बोट ओढायचा. बोट ओढलेली गाडी नको, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. मला मात्र त्याची फाइल बघूनच बरं वाटलं. इंजिन ऑइलच्या पावत्या, डिफरन्शियलच्या, आणि मुख्य म्हणजे गिअरबॉक्सचं तेल बदलल्याच्या. ट्रेलर ओढताना गिअरबॉक्स तापतो आणि तापलेलं तेल लवकर मरतं. कंपन्या या तेलाला "लाइफटाइम" म्हणतात. आमच्या मेकॅनिकच्या मते ते लाइफ वॉरंटीचं असतं.

तरी तिथल्या एका गॅरेजात पैसे भरून गाडी लिफ्टवर घेतली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते, खालचा बोल्ट सोडूनच पातळी बघावी लागते. मेकॅनिकने चार थेंब पांढऱ्या टिश्यूवर घेतले आणि मला दाखवले. लालसर तपकिरी, जळका वास नाही, बोटावर चोळल्यावर धातूची चमचम नाही. मग रेडिएटरचं झाकण काढून कूलंट पाहिलं. रेडिएटरमधला गिअरबॉक्सचा कूलर आतून फुटला तर दोन्ही द्रव मिसळतात आणि गुलाबी दाट रस्सा होतो. इथले मेकॅनिक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. या गाडीत कूलंट स्वच्छ होतं. चेसिसवर धूळ होती, चिखल होता, कारखान्यातला रंग जागोजाग शाबूत होता. दोष निघाले ते टायरमध्ये. बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. नक्षी भरपूर होती, पण टायर आठ वर्षांचे होते. त्यावर घासाघीस करून सौदा साडेदहा हजार डॉलरला पटला. कर्जाच्या भानगडीत पडलो नाही; इतक्या चाललेल्या गाडीला बऱ्याच बँका दारात उभं करत नाहीत.

घरी आल्यावर नवे टायर, ब्रेकचे पॅड, सगळी तेलं, आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणारा कंट्रोलर. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरायला हवा.

आता गाडीतल्या वजनाबद्दल. जाहिरातीत सिक्वोया आमच्या ट्रेलरहून कितीतरी जास्त वजन ओढते. पण ड्रायव्हरच्या दारापाशी पिवळ्या पट्टीचं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर आकडा होता १,३२० पौंड. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो आणि तो यातूनच वजा होतो. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी-ट्रेलर नेऊन तोलून घेतलं. हिचवर ६२०, वजन वाटून देणारी हिचची यंत्रणा ९०, आम्ही चौघं ५४०. उरले ७० पौंड! म्हणजे ओढायची ताकद खंडीभर शिल्लक, आणि गाडीत एक आजोबा बसवायला जागा नाही. सीट आठ आहेत, पण त्या ट्रेलर घरी असतानाच्या. आई-बाबा आले की ते आणि माझा नवरा सिएनातून मागून येतात. बाबांना हे पसंत आहे. सिएनात एसी चांगला लागतो म्हणतात.

कुकर, तांदूळ, खुर्च्या सगळं ट्रेलरमध्ये गेलं, तेही त्याच्या चाकांच्या वर किंवा जरा पुढे. सामान मागे ढकललं की हिचवरचा भार दहा टक्क्यांखाली येतो आणि ट्रेलर शेपूट हलवू लागतो. साउथ डकोटाकडे जाताना आय-९० महामार्गावर आडवा वारा सुटतो, तेव्हा याचं महत्त्व कळतं. मी ताशी ६२ मैलांच्या वर जात नाही. ट्रेलर मागे असताना गॅलनला नऊ मैल मिळतात, लिटरला चार किलोमीटरही नाही. नवऱ्याने पेट्रोलच्या पावत्या बघणं बंद केलं आहे.

सध्या मीटर २,०९,००० मैलांवर आहे. गेल्या हिवाळ्यात पुढचे बॉल जॉइंट बदलले. या इंजिनाचा एअर इंजेक्शन पंप बिघडण्यासाठी बदनाम आहे, त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे अजून तसेच आहेत.