सांडलेल्याचे नाव

खाण म्हटली की आपल्या कोकणी-मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे गोव्याची तांबडी माती उभी राहते. सुरत जिल्ह्यातील मांगरोळ तालुक्यात वस्तानची खाण आहे, ती लिग्नाइटची. खनिज कोणतेही असो, खाणीच्या आवारात डिझेल, वंगण, बॅटऱ्यांतील आम्ल ही असायचीच. आणि जे साठविले ते केव्हातरी सांडणार, असे धरूनच चालावे लागते. म्हणून टाकीभोवती बांध घालतात, टाकीतील सगळा माल पोटात घेईल एवढा. त्या बांधातले पावसाचे पाणी सोडण्याची तोटी उघडी राहिली, तर मात्र बांध असून नसल्यासारखा!

तेल सांडले की माणसाचा हात प्रथम पाण्याकडे जातो. परंतु धुतलेले तेल नाहीसे होत नाही. ते नाल्याला लागते. वाळूने ते अडवावे, भुशात मुरवावे आणि तो भुसाही वेगळा ठेवावा. एका आवारात आम्ही वाळूच्या लाल बादल्या पाहिल्या; त्यांत विड्यांची थोटके होती.

तेल निदान दिसते. वायूचे तसे नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतेच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रसायन चोरून नाल्यात सोडले जात असता विषारी वायू उसळला. जवळच्या गिरणीतील सहा कामगार मृत्यू पावले. वीसहून अधिकांस रुग्णालयात न्यावे लागले. ही खाण नव्हे, हे खरे. पण लिग्नाइटमध्ये पुष्कळदा पायराइट असते, आणि त्याला हवापाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. अशा आम्लधर्मी डबक्यात कोणी सल्फाइडचे द्रावण ओतले, तर हायड्रोजन सल्फाइड निघणारच. हा वायू हवेपेक्षा जड. तो खळग्यात बसून राहतो. थोडा असता कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते, संकट टळले. मग पडलेल्याला उचलावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. बंधूला पडलेला पाहून थांब म्हणणे आम्हांस क्रूर वाटते; तथापि श्वसनयंत्रावाचून उतरणाऱ्याने मृतांच्या संख्येत एकाची भर तेवढी पडते.

टँकरवर पदार्थाचे नाव, धोक्याचे चिन्ह आणि आपत्कालीन माहितीचा फलक असावा, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. पण सुरतेत खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे राबतात. तो फलक त्यांतील किती जणांना वाचता येईल? आमच्या मते रात्रपाळीच्या प्रत्येकाला ते नाव त्याच्या बोलीत तोंडपाठ हवे; आणि घंटा झाली की वाऱ्याला आडवे होऊन उंचवट्याकडे कसे जायचे, हे त्याला एकदा अंधारात चालवूनच दाखविलेले हवे.